अठरा पेन्सांचा रुपया

आज एका यादीपासून सुरुवात करू.

साल १९३०, महिना जानेवारी. दांडीयात्रेला अजून दीड महिना अवकाश आहे. गांधीजींनी 'यंग इंडिया'त व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या मांडल्यात. पहिली, संपूर्ण दारूबंदी. तिसरी, शेतसारा निम्म्यावर आणा. चौथी, मिठावरचा कर काढून टाका. ही चौथी आपल्याला शाळेच्या पुस्तकामुळे पाठ आहे. पण मी मघाशी मुद्दाम एक गाळली. दुसरी मागणी अशी होती: रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सांवर आणा.

आता हा क्रम बघा. दारू, मग हुंडणावळ, मग शेतसारा, मग मीठ. (हुंडणावळ म्हणजे आपण ज्याला आज 'एक्स्चेंज रेट' म्हणतो ते. छान मराठी शब्द होता, वापरातून गेला.) ज्या देशात बहुतेकांनी उभ्या जन्मात पेनी पाहिली नव्हती, त्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या यादीत दोन नंबरवर पेन्सचा भाव काय करतोय? तेव्हाचा सरकारी दर होता एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे १८ पेन्स. मागणी होती १६ पेन्सांची. भांडण दोन पेन्सांचं! आजचा भाग या दोन पेन्सांबद्दल आहे. आणि खरं सांगायचं तर दोन पेन्सांच्या मागे लपलेल्या वेगळ्याच गोष्टीबद्दल.

आधी थोडा हिशेब. घाबरू नका, एकदाच करायचाय. एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे एका पौंडाचे २४० पेन्स. रुपया १६ पेन्सांचा असेल तर एका पौंडाला १५ रुपये मिळतात. रुपया १८ पेन्सांचा झाला की त्याच पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. वरवर वाटतं, वा, रुपया मजबूत झाला!

आता वऱ्हाडातल्या किंवा खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्या कापसाचा भाव शेवटी लिव्हरपूलच्या बाजारावरून ठरायचा आणि तिथे तो पेन्समध्ये बोलला जायचा. समजा त्याचा एक पौंडाचा माल गेला. सोळाच्या दराने हातात १५ रुपये, अठराच्या दराने सव्वातेराच्या थोडे वर. लिव्हरपूलमध्ये काहीच बदललं नाही, शेतातही काही बदललं नाही, तरी नव्वा भाग उत्पन्न गेलं. शेतसारा मात्र रुपयांतच भरायचा आणि तेवढाच. सावकाराच्या वहीतला आकडाही रुपयांतच, आणि व्याजासकट वाढणारा.

मग हा दर कोणाला हवा होता? सरकारला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला मोठी रक्कम पाठवावी लागे. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी, रेल्वेसाठी काढलेल्या कर्जांचं व्याज, लष्करी सामान, असा सगळा खर्च. त्याला म्हणायचे 'होम चार्जेस'. कर गोळा व्हायचा रुपयांत, देणं द्यायचं पौंडांत. अठराचा दर असला की प्रत्येक पौंडामागे सरकारचे १ रुपया १० आणे ८ पै वाचायचे. इथे पगार घेऊन विलायतेत घरी पैसे पाठवणारा साहेब खूश, आणि इथे माल विकणारा लँकेशायरचा गिरणीवालाही खूश, कारण त्याचं कापड आपल्याकडे तेवढं स्वस्त पडायचं.

इथपर्यंतचं गणित तसं सरळ आहे. खरा प्रश्न पुढचा. सरकारने कागदावर '१८ पेन्स' लिहिलं म्हणून बाजार ऐकतो का? नाही ऐकत. बाजारात रुपया सतराकडे घसरायला लागला तर त्याला धरून ठेवावं लागतं. आणि धरायचा मार्ग एकच, रुपये दुर्मीळ करायचे. लंडनमधल्या साठ्यातले पौंड विकायचे, त्या बदल्यात बाजारातले रुपये उचलायचे आणि ते चलनातून बाद करायचे. जोडीला जास्त व्याजाची सरकारी ट्रेझरी बिलं काढून आणखी रुपये ओढायचे, बँकेचा दर चढवायचा. उलट रुपया अठराच्या वर जायला लागला तर पौंड विकत घ्यायचे आणि रुपये छापून बाजारात सोडायचे.

म्हणजे काय, तर दर एकदा खिळला की देशात किती पैसा फिरणार हे पीक किती आलं, व्यापाराला किती लागतो, यावरून ठरत नाही. दर टिकायला जेवढा हवा तेवढाच फिरतो. माझ्या मते आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच आहे, बाकी सगळी तिची उदाहरणं. आणि एक उदाहरण तर असं आहे की त्याने या गोष्टीकडे बघण्याची नजरच बदलते. पण ते नंतर.

हा पैशाचा नळ सरकारच्या हातात आला कधी? त्यासाठी मुंबईच्या फोर्टात जाऊ. टाउन हॉलजवळची टांकसाळ, जिच्यासमोर आज रिझर्व्ह बँक उभी आहे. १८९३ पर्यंत ही टांकसाळ सगळ्यांना खुली होती. म्हणजे अक्षरशः कोणीही चांदी घेऊन जावं, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून आणावेत. रुपया चांदीचाच होता, वजन बरोबर एक तोळा. पैसा किती असावा हे कोणी साहेब ठरवत नव्हता, चांदीची आवक ठरवत होती.

१८७०नंतर जर्मनीसह एकेक देश सोन्याकडे वळले, चांदी बाजारात लोटली गेली आणि तिचा भाव पडत गेला. चांदीबरोबर रुपयाही घसरला. २४ पेन्सांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत १५ पेन्सांवर आला. होम चार्जेस भरताना सरकारच्या नाकी नऊ आले. मग २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या गेल्या. नवे रुपये पाडायचेच नाहीत, रुपयाची टंचाई होऊ द्यायची, म्हणजे भाव आपोआप चढेल. चढलाही. पाचेक वर्षांत तो १६ पेन्सांवर पोचला.

ती पाच वर्षं कोणती होती आठवतंय? १८९६-९७चा दुष्काळ आणि मुंबई-पुण्याचा प्लेग. दुष्काळात माणूस काय करतो? घरातलं किडूकमिडूक मोडतो. गरिबाघरी सोनं नसायचं, चांदीचे तोडे, वाळे, कडी असायची. टांकसाळ उघडी असताना एक तोळा चांदीचा जवळपास एक रुपया व्हायचा. बंद झाल्यावर रुपया वर चढला आणि चांदी आणखी खाली गेली. दशकाच्या अखेरीला १६ पेन्सांच्या रुपयात चांदी होती जेमतेम दहा पेन्सांची. म्हणजे तोळाभर चांदी मोडली की हातात साधारण दहा आणे. बायकांच्या पायातल्या दागिन्यांची किंमत कायद्याच्या एका ओळीने खाली आली आणि कोणाच्या घरात चोर शिरला नव्हता! दादाभाई नौरोजींनी १८९८च्या चलन समितीपुढे टांकसाळबंदीवर कडाडून टीका केली होती. मुंबईच्या गिरणीवाल्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांचं सूत चीनला जायचं आणि चीन चांदीवरच राहिला होता, त्यामुळे मुंबईचं सूत तिथे महाग पडायला लागलं.

पहिल्या महायुद्धातला गोंधळ मी पटकन आटोपतो. युद्धात चांदी भडकली, रुपयाचा दर वर वर गेला आणि १९२०च्या सुरुवातीला एका समितीने शिफारस केली की रुपया दोन शिलिंगांवर, म्हणजे २४ पेन्सांवर बांधा. समितीत हिंदी सभासद एकच, मुंबईचे दलाल दादीबा मेरवानजी दलाल. त्यांनी एकट्याने विरोधी मत लिहून दिलं. सरकारने ऐकलं नाही, आणि दर राखायला लंडनमध्ये जमवलेले साडेपाच कोटी पौंड काही महिन्यांत विकून टाकले. सप्टेंबर १९२०मध्ये हात टेकले. वर्षभरात रुपया १६ पेन्सांच्याही खाली होता. दोन शिलिंगांच्या भरवशावर विलायती मालाच्या ऑर्डरी दिलेले आयातदार व्यापारी पार बुडाले. दलालांचं मत अर्थातच बरोबर ठरलं होतं, पण बरोबर ठरल्याने कोणाचे पैसे परत येत नाहीत.

आता १८ पेन्स. १९२४ पासून पिकं चांगली होती, निर्यात वाढत होती, रुपयाला मागणी होती. अशा वेळी चलन वाढवलं असतं तर दर सोळाच्या आसपास राहिला असता. सरकारने हात आखडता घेतला. बाजार पैशासाठी तहानलेला, व्याज चढं, आणि रुपया हळूहळू अठरावर. मग १९२५मध्ये नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १९२६च्या अहवालात म्हटलं की दर आता अठरावर आहेच, किमती त्याच्याशी जुळल्यात, तोच कायम करा. मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकूरदास कमिशनचे सभासद होते. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली: किमती जुळलेल्या नाहीत, आणि दर आपोआप अठरावर गेलेला नाही, नेलेला आहे. मुंबईत करन्सी लीग निघाली, सभा झाल्या, पत्रकं निघाली. शेवटी मार्च १९२७मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात अगदी थोड्या मतांच्या फरकाने अठरा पेन्सांचा कायदा पास झाला.

याच कमिशनपुढे डिसेंबर १९२५मध्ये एक चौतीस वर्षांचा बॅरिस्टर साक्ष द्यायला गेला होता: डॉ. भीमराव आंबेडकर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३मध्ये पुस्तकरूपाने आला होता. आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये एवढंच असतं की 'बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक निघाली'. मला या पोस्टचा राग अशासाठी येतो की त्यात त्यांचं मूळ म्हणणं बाजूलाच राहतं, आणि ते जास्त धारदार आहे. ते म्हणत होते, तुम्ही पौंडाशी रुपयाचा भाव काय यावर डोळे लावून बसलात, पण रुपयाला इथल्या बाजारात काय मिळतं ते बघा. हुंडणावळ हा आरसा आहे. इथली खरेदीची ताकद स्थिर ठेवायची असेल तर रुपये काढण्याची सरकारची मोकळीक काढून घ्या, चलनाला पक्की मर्यादा घाला. त्या काळातला अर्थशास्त्रातला दादा माणूस म्हणजे केन्स. त्याने हिंदुस्थानच्या पद्धतीची तारीफ केली होती. आंबेडकरांनी ती खोडून काढली.

आणि एक गोष्ट ते बोलले जी राष्ट्रवादी मंडळींना रुचणारी नव्हती. दर खाली आणला की निर्यातदाराचा फायदा होतो हे खरं, पण तो फायदा आभाळातून पडत नाही. भाव वाढतात, मजुरी मागे राहते, आणि मजुराच्या ताटातलं मालकाच्या ताटात जातं. त्यामुळे सोळा पेन्सांसाठी लढणारे गिरणीमालक देशासाठी लढतायत की स्वतःसाठी, हा प्रश्न परळच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला पडणं साहजिक होतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर १९२७मध्ये अठरा पेन्स हा चुकीचाच निर्णय होता. तरी आंबेडकरांचा हा प्रश्न ध्यानात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

मग आली महामंदी. इथे जरा थांबायला हवं, कारण आपली पिढी महागाईलाच घाबरते. पेट्रोल, गॅस, थाळी, सगळं वर जातं हे आपल्याला माहीत आहे. भाव धडाधड खाली येणं म्हणजे काय असतं हे आपण पाहिलेलं नाही. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक, १९१४ला १०० धरलेला, १९२९मध्ये १४१ होता. १९३१ मध्ये ९६. १९३३ मध्ये ८७. ऐकायला बरं वाटतं, सगळं स्वस्त! पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला विचारा. शंभर रुपयांचं कर्ज फेडायला १९२९ला जेवढा माल विकावा लागत होता, त्याच्या जवळपास दीडपट १९३१ला विकावा लागणार. व्याज वेगळंच. आणि तेव्हाच्या सरकारी चौकशी समितीनेच ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांचं कर्ज अंदाजे ९०० कोटी रुपये धरलं होतं.

जगभर भाव पडत होते, ते काही अठरा पेन्सांमुळे नव्हे. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण अशा वेळी सरकार काय करू शकतं? चलन सैल सोडू शकतं, दर घसरू देऊ शकतं, म्हणजे निदान रुपयांत तरी भाव एवढे पडत नाहीत. इथे नेमकं उलटं झालं. निर्यातीचे पैसे आटले, त्यामुळे रुपया घसरू लागला. घसरणार असं दिसताच ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तो पौंडांत हलवायला सुरुवात केली, त्यामुळे आणखी घसरू लागला. आणि अठरा पेन्स वाचवायला सरकारने बाजारातून रुपये ओढायचा सपाटा लावला. ट्रेझरी बिलं, चढा बँक दर, नोटा मागे घेणं. भाव पडत असताना पैसा कमी करणं म्हणजे तापात अंगावरची गोधडी काढून वर पंखा लावणं. गावातला सावकारही अशा वेळी नवं कर्ज देत नाही, जुनं मागतो.

२१ सप्टेंबर १९३१. ब्रिटननेच सोन्याचा नाद सोडला, पौंड मोकळा केला. आता रुपयाचं काय? सिमल्यात हिंदुस्थान सरकारने वटहुकूम काढला की आम्ही ठरल्या दराने पौंड किंवा सोनं द्यायला बांधील नाही. याचा अर्थ रुपया सुटला. त्याच दिवशी लंडनमध्ये, गोलमेज परिषदेसाठी जमलेल्या मंडळींसमोर, भारतमंत्री सॅम्युअल होअर सांगत होते की रुपया पौंडाशी १८ पेन्सांनाच बांधलेला राहील. एका दिवशी, दोन शहरांत, एकाच रुपयाबद्दल दोन धोरणं! तीन दिवसांत सिमल्याचा वटहुकूम मागे घेतला गेला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा विरोध होता, राजीनाम्याची भाषा झाली, पण लंडनचा शब्द चालला. लंडनला भीती अशी की रुपया सुटला तर हिंदुस्थान पौंडांची देणी देऊ शकणार नाही.

पौंड सोन्याच्या तुलनेत पडला, त्याच्याबरोबर रुपयाही पडला, त्यामुळे थोडा दिलासा मिळाला हे खरं. पण त्याचाच दुसरा परिणाम असा की सोनं रुपयांत महागलं. कायद्याने ठरलेला सरकारी खरेदीचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. १९३१ संपता संपता मुंबईत तोळा तिशीच्या आसपास गेला. आणि मग ते सुरू झालं ज्याला त्या वेळी 'डिस्ट्रेस गोल्ड' म्हणायचे, अडीअडचणीतलं सोनं.

कल्पना करा. धान्याला भाव नाही, कापसाला भाव नाही, सावकार कर्ज देत नाही, सारा भरायचाय. घरात भाव असलेली एकच वस्तू आहे. पाटल्या, बोरमाळ, पुतळ्यांची माळ. ती गावच्या सोनाराकडे गेली, तिथून तालुक्याच्या सराफाकडे, तिथून झवेरी बाजारात, आणि वितळून लगड होऊन मुंबई बंदरातून बोटीने लंडनला. पिढ्यान् पिढ्या सोनं आयात करणारा देश सोनं निर्यात करायला लागला. पहिल्या दोन वर्षांतच १२० कोटी रुपयांहून जास्त सोनं गेलं, दशक संपेपर्यंत आकडा तीनशे कोटींच्या वर. सरकारी बाजूचं म्हणणं होतं की लोक चढ्या भावाचा फायदा घेतायत. काही व्यापारी आणि सावकार तसा घेत होतेही. पण ज्या वर्षी शेतमालाचे भाव तळाला गेले त्याच वर्षी अचानक सगळ्या देशाला नफ्याची अक्कल आली, हे मला तरी पटत नाही.

आणि या सोन्याने काय केलं? त्याचे पौंड आले. त्या पौंडांतून होम चार्जेस भागले आणि अठरा पेन्स टिकला. धोरण यशस्वी! पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ, ऑस्ट्रेलियातल्या बँकांत मुरलेले गृहस्थ. व्याजदर आणि रुपयाचा दर या दोन्हींवरून त्यांचं अर्थसदस्य जेम्स ग्रिगशी वाजलं, आणि मुदत पुरी व्हायच्या आत स्मिथ गेले. दर जागचा हलला नाही.

आता ते उदाहरण, जे मी मागे ठेवलं होतं.

१९३९. दुसरं महायुद्ध. ब्रिटनला हिंदुस्थानातून सगळं हवंय: कापड, तंबू, ताग, पोलाद, धान्य, सैनिकांचे पगार. पैसे कसे देणार? लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड लिहून. वस्तू आत्ता न्यायच्या, पौंड युद्धानंतर बघू. आणि रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात लिहिलेलं आहे की बँकेने ठरल्या दराने, म्हणजे अठरा पेन्सांच्या आसपास, येतील तेवढे पौंड घेतलेच पाहिजेत आणि त्याचे रुपये दिलेच पाहिजेत. लंडनच्या वहीत एक पौंड चढला की इथे सव्वातेरा रुपयांच्या नोटा बाहेर. कागदावर सगळं शिस्तीत, प्रत्येक नोटेमागे पौंडाचं तारण. फक्त त्या पौंडांनी इथे एक शेर तांदूळही विकत घेता येत नव्हता.

युद्धाच्या सुरुवातीला चलनातल्या नोटा १८० कोटींच्या आसपास होत्या. युद्ध संपताना अकराशे कोटींच्या वर. सहापट! माल मात्र उलट कमी, कारण तो लष्कर उचलत होतं. भाव कुठे जाणार? कलकत्त्यात तांदूळ डिसेंबर १९४२मध्ये १३-१४ रुपये मण होता. मार्च १९४३ मध्ये २१. मे महिन्यात ३०च्या वर. ऑगस्टमध्ये ३७. बंगालच्या दुष्काळात माणसं किती मेली याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत आहेत. कारणं अनेक होती, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, वादळ आलं, सरकारने होड्या काढून घेतल्या, साठेबाजी झाली. पण ज्याची मजुरी रुपयांत ठरलेली आणि जागची हलत नव्हती, तो शेतमजूर, कोळी, नावाडी, त्याला मारलं ते भावाने. आंबेडकरांनी १९२५मध्ये सांगितलेली गोष्ट, भाव पुढे पळतात आणि मजुरी मागे राहते, ती इतक्या भयंकर रूपात समोर आली.

आकडा तोच होता, १८ पेन्स. १९३१मध्ये त्याने पैसा आटवला आणि कर्जदाराला बुडवलं. १९४३मध्ये त्याच आकड्याने पैशाचा लोंढा सोडला आणि मजुराला बुडवलं. आणि इथेच मला गांधीजींच्या त्या दुसऱ्या मागणीबद्दल पण बोलायला हवं. समजा ती मान्य झाली असती, रुपया १६ पेन्सांवर आला असता आणि तिथेच खिळला असता. १९३१मध्ये शेतकऱ्याला नक्की फायदा झाला असता. पण १९४३मध्ये? प्रत्येक पौंडामागे सव्वातेराऐवजी पंधरा रुपये छापले गेले असते. सोळा की अठरा यावर वीस वर्षं भांडण झालं. दर कोणी खिळायचा, कोणासाठी, आणि परिस्थिती उलटली तर खिळा कोण उपटणार, यावर मात्र आंबेडकरांसारखे थोडेच बोलत होते.

ऑगस्ट १९४३मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, रिझर्व्ह बँकेला पहिला हिंदी गव्हर्नर मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. पुढच्या वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जागतिक नाणेनिधीची परिषद झाली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते, मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते. आमचे लंडनमध्ये अडकलेले पौंड सोडवायची काहीतरी सोय या नव्या निधीत करा, असा आग्रह त्यांनी धरला. ब्रिटनच्या बाजूने बसले होते केन्स. ते म्हणाले, हा प्रश्न आम्ही दोघं आपसात बघू. मागणी मान्य झाली नाही. पौंड पुढे हप्त्याहप्त्याने सुटले, बरेचसे स्वातंत्र्यानंतर, आणि तोवर पौंडाचीच किंमत कमी झाली होती.

आणि अठरा पेन्स? तुम्हाला वाटेल १५ ऑगस्ट १९४७ला तो गेला असेल. नाही. १९४९मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, तेव्हा आपणही रुपया तेवढाच खाली आणला, म्हणजे पौंडाशी दर तोच राहिला. नेहरूंच्या पंचवार्षिक योजना, भिलाई, भाक्रा, सगळं उभं राहिलं तेव्हा पौंड १३ रुपये ३३ पैशांचाच होता. ज्या दरासाठी काँग्रेसने आंदोलनं केली होती तो बदलायला काँग्रेसच्याच सरकारला एकोणीस वर्षं लागली. ६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन जाहीर केलं आणि पौंड २१ रुपयांचा झाला.